एका 'प्ले'चे किती पैसे?

एखाद्या मराठी गाण्याने दहा लाख स्ट्रीम्स गाठले की कुणीतरी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडतंच. इंटरनेटवर सापडलेला 'एका प्लेमागे अमुक पैसे' हा दर, गुणिले दहा लाख. झालं, गायक मालामाल! अहो, असा दर मुळात अस्तित्वातच नाही. पटत नसेल तर स्पॉटिफायचा 'लाउड अँड क्लिअर' अहवाल बघा. स्ट्रीममागे ठरावीक रक्कम देत नाही, असं कंपनीच त्यात सांगते.

होतं ते असं. एका देशात महिन्याभरात वर्गणीतून आणि जाहिरातींतून जो पैसा येतो, त्यातला साधारण दोन तृतीयांश हक्कधारकांना जातो, असं स्पॉटिफाय म्हणतं. त्याची वाटणी एकूण ऐकण्यातल्या हिश्शाने होते. समजा, वाटायला एक कोटी रुपये आहेत आणि सगळी गाणी मिळून दहा कोटी वेळा वाजली. तुमचं दहा लाख वेळा वाजलं, म्हणजे एक टक्का, म्हणजे एक लाख रुपये. पुढच्या महिन्यात तुमचं गाणं तितकंच वाजलं, वाटायचे पैसेही तितकेच, पण एकूण आकडा वीस कोटींवर गेला, तर हातात पन्नास हजार. लोक ज्याला 'दर' म्हणतात तो वाटणी झाल्यावर काढलेला भागाकार आहे. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे भरपूर, म्हणून इथले दहा लाख आणि अमेरिकेतले दहा लाख यांची बरोबरी करूच नका.

याच हिशेबामुळे तुम्ही महिनाभर फक्त कुमार गंधर्व ऐकलेत, तरी तुमची वर्गणी केवळ त्यांच्या गाण्यांकडे जात नाही. श्रोतानिहाय वाटणी साउंडक्लाउडने 2021 मध्ये सुरू केली. स्पॉटिफाय जुन्याच पद्धतीवर आहे.

बरं, हे लाखभर रुपये गायकाचे असतात का? नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द आणि चाल यांचा वेगळा. ध्वनिमुद्रणाचे पैसे आधी लेबलकडे किंवा वितरकाकडे जातात. गायकाला काय मिळायचं ते करार ठरवतो.

'गीतकाराने हक्क विकले, विषय संपला.' भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून हे खरं नाही. हक्क दिले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सुटत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. तिचं सभासदत्व न घेता चेकची वाट बघणाऱ्यांना काय म्हणावं?

'पाच सेकंद वाजलं तरी मोजतात.' स्पॉटिफायवर तीस सेकंद लागतात.

'अपलोड केलं की पैसे सुरू.' तिथे 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 स्ट्रीम्स नसतील, तर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी शून्य.

आणि रात्रभर आवाज बंद करून गाणं लूपवर ठेवणारे चाहते! असे कृत्रिम स्ट्रीम्स पकडले गेले की हिशेबातून वगळतात. प्रमाण फारच असेल तर स्पॉटिफाय लेबलला किंवा वितरकाला दंडही लावतं, आणि वितरक तो कलाकाराच्याच खात्यातून वळता करू शकतो.