चरकाचे आठ वर्ग आणि भंडाऱ्याचे तलाव

आम्ही शाकाहारी खरे; परंतु जो पदार्थ आपल्या पानात येत नाही, त्याविषयी अज्ञ राहावे असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात मांसाचे प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर व प्रतुद असे आठ वर्ग करून त्यांचे गुणदोष दिले आहेत. शेळीमेंढी सर्वत्र चरणारी, म्हणून तीस एका वर्गात घातलेले नाही. जांगल वर्गातील हरिणांची शिकार १९७२ च्या कायद्याने निषिद्ध झाली.

आमच्या भंडारा जिल्ह्यात महत्त्व वारिशयांचे, म्हणजे मासळीचे. कोहळी मंडळींनी बांधलेल्या जुन्या तलावांवर ढिवर कुटुंबांचा निर्वाह चालतो. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून पाणी आटले तरी काही काळ तग धरते. रोहू-कतल्यास ते साधत नाही. तलाव गाळाने भरला, की धानाचे पाणी आणि शेजाऱ्याच्या ताटातील मासा दोन्ही जातात. बी-१२ हे जीवनसत्त्व आपणांस दुधातून मिळते. ज्यांच्या घरी दुभते नाही, त्यांस मासळीतून. तेव्हा वाचकहो, मासा आपल्या पानात नसो. तलाव राखण्याच्या कामी आपला हात मात्र असो.