चार पर्यायांविना

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि प्रश्नमंजूषा म्हटली की चार पर्याय आलेच, हे आपल्या घराघरांत पक्के झाले. उत्तर ठाऊक नसले तरी त्यात निभावते. दोन चुकीचे पर्याय ओळखता आले तरी निम्मे काम होते. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत असतो ना, तसा हा ‘योग्य पर्याय निवडा’चा प्रश्न. अमेरिकेतला ‘जेपर्डी’ मात्र पहिल्यापासून ‘रिकाम्या जागा भरा’च्या बाजूचा. समोर काहीच ठेवलेले नसते, उत्तर डोक्यातूनच काढावे लागते. १९८८ साली निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे एन.ई.एस.साठी आलेल्या त्याच्या कॅसेटने हा बाणा सोडला नाही. म्हणूनच टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर बेतलेल्या जुन्या खेळांमध्ये मला ती उजवी वाटते.

या कार्यक्रमामागे एक मोठी बदनामी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर प्रश्नमंजूषांचे पेव फुटले होते. ‘ट्वेंटी-वन’मध्ये ठरावीक स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात होती, हे पुढे उघड झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन या त्यातल्या स्पर्धकाने १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तशी कबुलीच दिली. लोकांचा या प्रकारावरचा विश्वास उडाला. अशा काळात निर्माता मर्व्ह ग्रिफिनला त्याच्या बायकोने, जुलनने, विमानप्रवासात एक युक्ती सुचवली. उत्तरे आपणच देऊन टाकायची आणि स्पर्धकाकडून प्रश्न मागायचा! ५,२८० हे उत्तर, तर ‘एका मैलात किती फूट?’ हा त्याचा प्रश्न. ३० मार्च १९६४ रोजी ‘जेपर्डी’ एन.बी.सी.वर सुरू झाला. १९८४ पासून अ‍ॅलेक्स ट्रेबेक त्याचा सूत्रधार झाला आणि २०२० मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत तोच राहिला.

खेळ असा: तीन स्पर्धक, सहा विषय, प्रत्येक विषयात पाच सूचक वाक्ये. कॅसेट निघाली त्या काळी पहिल्या फेरीत १०० ते ५०० डॉलर आणि दुसऱ्या फेरीत त्याच्या दुप्पट, असे मोल असे. उत्तर चुकले की तेवढीच रक्कम वजा. शेवटी एकच सूचक वाक्य. ते दिसण्याआधी फक्त विषय बघून आपल्या कमाईतले किती पणाला लावायचे, ते ठरवायचे.

हा अस्सल अमेरिकी खेळ कॅसेटवर उतरवला तो इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या ट्वायक्रॉस नावाच्या खेड्यात. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांची ‘रेअर’ ही कंपनी तिथे होती. पुढे ‘डाँकी काँग कंट्री’ आणि ‘गोल्डनआय’मुळे जगभर नावाजली गेली, तीच ही रेअर. प्रकाशक होती अमेरिकेतली ‘गेमटेक’, आणि ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ची कॅसेटही याच जोडीने काढली.

आता अडचण बघा. एन.ई.एस.चा रिमोट म्हणजे चार दिशांचे बटण, ए आणि बी, शिवाय स्टार्ट आणि सिलेक्ट. संपले. यंत्राची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. बोललेले समजणे सोडाच, टाइप करायला कीबोर्डही नाही. चार पर्याय देऊन मोकळे होणे सगळ्यांत सोपे होते. ‘जेपर्डी’ने ती सोपी वाट घेतली नाही. पडद्यावर इंग्रजी मुळाक्षरे मांडलेली असतात. दिशेचे बटण दाबत हव्या त्या अक्षरावर जायचे, दाबायचे, पुढच्या अक्षराकडे निघायचे. आणि वेळ तर निघून जात असतो.

समजा, उत्तर चायकोव्हस्की आहे. नाव ऐकताक्षणी ओळखीचे वाटते, बोट बझरकडे जाते, आणि मग लक्षात येते की हे इंग्रजीत टी-सी-एच असे सुरू होते. शेवटी आय की वाय? एकंदर अकरा अक्षरे, आणि प्रत्येकासाठी मुळाक्षरांतून वेगळी फेरी. अशा वेळी खेळाडू बझरपाशी क्षणभर थबकायला शिकतो. मला हे माहीत आहे का, नुसते ओळखीचे वाटते आहे का, आणि लिहून दाखवता येईल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याला कळू लागते. चूक झाली तर पैसे जाणार असल्याने स्वतःच्या खात्रीचे मोल करावेच लागते. माझ्या मते या खेळाचा सगळा कस इथे आहे. स्पेलिंगचा जाच अनेकांना रटाळ वाटतो. मला तो खेळाचा कणा वाटतो.

टाइप केलेले उत्तर बरोबर की चूक, हे यंत्राने ठरवायचे कसे, हा तर फारच रंजक भाग. १९९३च्या सुपर निन्टेंडोवरच्या ‘फॅमिली फ्यूड’ या अशाच टीव्ही कार्यक्रमावर बेतलेल्या खेळामध्ये इतकी सैल तपासणी होती, की बरोबर उत्तराची अक्षरे त्याच क्रमाने आली म्हणजे पुरे, मधे काहीही असले तरी चालायचे. ‘डॉग’ हवे असेल तर डी, ओ, जी क्रमाने येईल असा कुठलाही लांबलचक शब्द खपायचा. अचाट वाक्ये लिहूनही बरोबर ठरण्याची कसरत हौशी खेळाडूंनी पुढे मनसोक्त करून दाखवली.

आणखी एक गोष्ट. कॅसेटमधले प्रश्न एकदा कोरले की कायमचे. ‘सगळ्यांना माहीत असायला हवे’ असे १९८८ मध्ये काय वाटत होते, ते तिथे तसेच थिजून राहते. तेव्हा सोव्हिएत संघ होता, बर्लिनची भिंत उभी होती, आणि बॉम्बेचे अधिकृतपणे मुंबई व्हायला सात वर्षे होती. आज खेळायला बसणाऱ्याने सामान्यज्ञान जरा मागे न्यावे लागते, आणि त्यातच मजा आहे.

आपल्याकडच्या मुलांपर्यंत ही कॅसेट सहसा पोचली नाही. नव्वदीत इथे गाजलेले टीव्ही गेम बहुतांशी एन.ई.एस.च्या जपानी आवृत्तीच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकी एन.ई.एस.च्या कॅसेटला ७२. म्हणजे ती बसलीच नसती. शिवाय ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ला इंग्रजी लागत नव्हते, ‘जेपर्डी’ला तर अमेरिकी राज्यांच्या राजधान्यांपासून तयारी हवी.

यंत्राला हा खेळ कळायला बराच काळ गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये आय.बी.एम.चा ‘वॉटसन’ हा संगणक खऱ्या ‘जेपर्डी’त उतरला आणि केन जेनिंग्ज व ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवून ७७,१४७ डॉलरवर थांबला. पण पहिल्या सामन्याच्या अंतिम फेरीत विषय ‘अमेरिकेतली शहरे’ असताना त्याने कॅनडातल्या टोरँटोचे नाव लिहिले. नावापुढे पाच प्रश्नचिन्हे होती, आणि त्यावर त्याने लावले होते फक्त ९४७ डॉलर.