कुंडीतला वाफसा

घरातला मनी प्लांट गेला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रोज न चुकता पाणी घालत होते, तरी वाळलं." बहुतेक वेळा ते कुजलेलं असतं. खात्री करायची तर झाड फेकण्याआधी कुंडी वर्तमानपत्रावर पालथी करून पाहा. मातीचा काळा, चिकट गोळा सुटतो, त्याला आंबूस वास येतो. एखादं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल सरकन हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं, ओढल्यावर सोलत नाही.

वसमत, औंढा किंवा कळमनुरीकडच्या हळद उत्पादकाला ती मुळं दाखवली तर तो लगेच म्हणेल, ही तर कंदकुजीसारखीच गत. हळदीच्या रानात पाणी साचलं की गड्डे सडतात, म्हणून तर गादीवाफे, म्हणून ठिबक, म्हणून पावसाळ्यात पाणी काढून द्यायला चर. 'वसमत हळद' या नावाने २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात घरातली झाडं जास्त पाण्याने मरावीत, याची मला फार हळहळ वाटते. रानात आपण वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. कुंडीला मात्र सकाळच्या चहासोबत तांब्याभर पाणी ठरलेलं.

रोज पाणी हवंच, हा पहिला गैरसमज. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि मातीच्या फटींमध्ये दोन्ही असतात तेव्हाच आपण वाफसा आला म्हणतो. रोजच्या पाण्याने फटी भरून जातात आणि मुळं गुदमरतात. घरात ऊन नाही, वारा कमी, त्यामुळे झाड पाणी पितंही हळू. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहा. ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. पारा बेचाळीसच्या पुढे जातो त्या मे महिन्यात हे दोन-तीन दिवसांनी करावं लागेल, पौषातल्या थंडीत कदाचित दहा दिवसांनी. वार ठरवून चालत नाही.

दुसरा गैरसमज खास आपल्याकडचा. काळी माती कसदार, मग कुंडीतही तीच भरावी. रानात ही माती सोनं आहे, पण तिथे तिला खाली खोली असते, गांडुळं असतात, नांगर असतो. कुंडीत ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, कडेने बोटभर फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं, आणि आतला गोळा ढेकळासारखा कोरडा. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम असं मिसळा. शेणखत कच्चं नको. तळाला गोटे घातले की निचरा होतो असंही सांगतात, पण वरची माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय पाणी गोट्यांत उतरत नाही. उलट चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापर पुरे.

'इनडोअर प्लांटला उजेड लागत नाही,' असं विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. घरात जन्मलेलं झाड जगात कुठलंच नाही. ही झाडं बहुतेक उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. ती सावली सोसतात, अंधार नाही. आपले डोळे इथे फसवतात. भर दुपारच्या उन्हात उजेड लाखभर लक्स असतो, खिडकीपासून चार-पाच हातांवर तो काहीशेवर येतो आणि कोपऱ्यातल्या टीव्हीशेजारी त्याहूनही खाली. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली अंधूक का होईना दिसली तर सावलीतली झाडं तिथे तग धरतील. सावलीच पडत नसेल तर ती जागा झाडाची नाही. तुळशीला मात्र थेट ऊनच हवं, ती हॉलमध्ये आणून तिचे हाल करू नका.

झोपायच्या खोलीत झाड ठेवलं की ते रात्री प्राणवायू खातं, ही भीती आजही आहे. झाड रात्री श्वसन करतं हे खरं, पण एका कुंडीला लागणारा प्राणवायू शेजारी झोपलेल्या माणसाच्या मानाने नगण्य असतो. याच्या उलट दावा स्नेक प्लांट आणि कोरफडीबद्दल होतो, की ती रात्री प्राणवायू देतात. ही झाडं रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, एवढंच. प्राणवायू तयार व्हायला उजेडच लागतो.

हवा शुद्ध करण्याची गोष्ट १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगावरून आली. तो प्रयोग लहान हवाबंद पेट्यांत झाला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने प्रयोग तपासून हिशेब मांडला, की इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. चुलीचा किंवा फोडणीचा धूर घालवायला खिडकी उघडावी. झाड लावावं ते त्याचं कोवळं पान उलगडताना पाहण्यासाठी.

उरलेला चहाचा चोथा दूध-साखरेसकट कुंडीत टाकू नका, त्यावर बुरशी धरते आणि चिलटं होतात. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. अळूची खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते तेच यांच्या पानांत असतात, आणि अळूसारखं यांना चिंचेत शिजवून निभावत नाही. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी आठवड्याच्या कोरड्या दिवशी बदलाच. डेंग्यूचा डास असंच स्वच्छ, साचलेलं पाणी शोधतो.

पहिलं झाड कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हळद सांगते. जूनच्या सुरुवातीला डोळा फुटलेला एक गड्डा शेतकऱ्याकडून मागून आणा. वीत-दीड वीत रुंद कुंडीत दोन बोटं खोल लावा आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीत किंवा गॅलरीत ठेवा. कोंब वर यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर उकरून पाहू नका. श्रावणात रुंद, सुगंधी पानं खिडकी भरून टाकतात. पौष-माघात ती पिवळी पडून माना टाकतात, तेव्हा झाड मेलं समजून फेकू नका. पाणी तोडा, पानं पूर्ण वाळू द्या, मग वर्तमानपत्र अंथरून कुंडी पालथी करा. या वेळी मातीतून ओल्या हळदीचा वास येतो आणि गड्डा मोडला की बोटं दोन दिवस पिवळी राहतात.