सहाव्या वर्षीची दाढ

‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण बहुधा म्हातारपणास उद्देशून वापरतो. प्रत्यक्षात या हानीचा आरंभ पुष्कळदा वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच होतो, आणि तोही घरात कोणाच्या लक्षात न येता.

दुधाचे दात २०, तर कायमचे ३२. प्रत्येक जबड्यात समोर अन्न तोडणारे चार पटाशीचे दात, त्यांच्या दोन्ही बाजूंस एकेक सुळा, त्यामागे दोन-दोन उपदाढा आणि शेवटी तीन-तीन दाढा अशी कायमच्या दातांची मांडणी असते. पटाशीचे दात, सुळे व उपदाढा हे २० दात दुधाच्या दातांची जागा घेतात. उरलेल्या १२ दाढा मात्र कोणाचीही जागा घेत नाहीत. जबडा वाढेल तशा त्या मागील मोकळ्या जागेत उगवतात.

त्यांपैकी पहिली दाढ साधारणपणे सहाव्या वर्षी येते. तिच्यासाठी एकही दात पडत नसल्याने तिला दुधाचीच समजले जाते आणि ‘किडली तरी पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. ही दाढ आपोआप पडत नाही, आणि गमावली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्याखाली डेंटीन आणि आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. एनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. म्हणूनच मोडलेले हाड सांधते, पण दाताला पडलेला खळगा आपोआप भरून येत नाही. किडीची पहिली पांढुरकी खूण लाळेतील खनिजे व फ्लोराइड यांच्या साहाय्याने थोपवता येते. त्यापुढे दंतवैद्याकडे जाणे अटळ ठरते.

दाढेच्या माथ्यावरील उंचवट्यांमधल्या खाचा कित्येकदा ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात. तेथे अडकलेल्या गोड अन्नकणांपासून जीवाणू आम्ल तयार करतात आणि कीड सुरू होते. त्यातच, नुकती उगवणारी दाढ शेजारच्या दातांपेक्षा ठेंगणी असल्याने ब्रश तिच्या माथ्यापर्यंत पोहोचत नाही.

उपाय सोपे आहेत. मुलाच्या तोंडात मधल्या रेषेपासून मागे दात मोजत जावे. सहावा दात दिसला, तर तीच ही दाढ. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घेऊन पालकांनी स्वतः ब्रश आडवा धरून तिचा माथा स्वच्छ करावा. दंतवैद्याच्या सल्ल्याने खाचांवर सीलंटचा पातळ थर देता येतो.

मुदत ठेव मोडली तरी पुन्हा ठेवता येते. निसर्गाने दिलेली ही ठेव मात्र एकदाच मिळते, आणि ती सांभाळण्याचे वय अवघे सहा असते. म्हणून तिची जबाबदारी घरातील मोठ्यांनी घ्यावयाची आहे.