खेड्यातील क्रीडांगण आणि त्याची वर्गणी

खेडेगावात मुलांना खेळावयास जागेची काय वाण, असे शहरातील सुशिक्षित गृहस्थास सहज वाटते. सभोवार माळ आहे, ओढा आहे, शिवार आहे. मग क्रीडांगणासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडण्याचे प्रयोजन काय? नांदेड अथवा लातूर जिल्ह्यातील एखादे गाव आतून पाहिले म्हणजे या शंकेचे निरसन होते. शेत पिकाखाली, माळ अतिक्रमणाखाली, रस्त्यावर ट्रॅक्टर व मोटारसायकली, आणि देवळापुढील पार तर वडीलधाऱ्यांचाच. मुलगे कोठे तरी जागा काढतात. मुलगी दहा वर्षांची झाली की तिला तीही मिळत नाही; तिच्या कडेवर बहुधा धाकटे भावंड असते.

परंतु जागा मिळाली म्हणजे काम झाले असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली दगावली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावातील बोळ अरुंद होते. नव्या गावांची आखणी चौकटीसारखी, रस्ते रुंद, मोकळ्या जागा विपुल. गाव जितके पसरले तितका नळ, दिवे व साफसफाई यांचा खर्च वाढला, आणि तो ग्रामपंचायतींस झेपेना. ज्या मोकळ्या जागेस वाली नाही तेथे दोन पावसाळ्यांत वेडी बाभूळ माजते. देशोदेशींचा पैसा बांधकामास पुरला, निगेस पुरला नाही. क्रीडांगणाचा फंड जमविणाऱ्यांनी किल्लारीचा हा पट्टा एकदा डोळ्यांखालून घालावा.

वर्गणी मागण्यापूर्वी जागेचे कागद पाहावेत. गायरान गावचेच, असे ग्रामस्थ म्हणतात. वस्तुतः ते सरकारी असते, आणि त्याचा उपयोग बदलण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. शाळेच्या आवारात किंवा गावठाणात जागा असेल तर तिला पहिली पसंती द्यावी. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक मानलेच आहे. सातबारा न पाहता जमविलेला पैसा पुष्कळदा दोन तटांच्या भांडणात अडकून पडतो, आणि पुढील दहा वर्षे त्या गावात कोणी वर्गणीचे नाव काढीत नाही.

जागा फार लागत नाही. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. खो-खोचे २७ व १६ मीटर. दोहोंस भोवतीची मोकळीक धरून, वर लहान मुलांसाठी एक कोपरा राखून, दहा गुंठे पुरतात. अडचण आहे ती मातीची. या भागातील काळी चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा जमिनीत उथळ पायावर रोवलेले झोपाळ्याचे खांब दोन-तीन वर्षांत कलतात, आणि मग मोडक्या झोपाळ्यावरून पडलेल्या पोराचा हात मोडतो. म्हणून पहिला पैसा मुरमात घालावा. दहा गुंठ्यांवर वीतभराहून कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा तर सुमारे त्रेपन्न ब्रास मुरूम लागतो. दबाईने थर बसतो, तेव्हा थोडा अधिकच धरावा. मुरूम उचलण्यास तहसीलची परवानगी लागते. पाण्यास उतार व कडेने चर हवा. परंतु दात्यांस रंगीत घसरगुंडी आवडते, तिच्यावर नाव घालता येते. मुरमावर कोणाचे नाव घालणार?

पैसा कोणाकडून व केव्हा मागावा? सोयाबीन बाजारात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. शेतकऱ्याच्या हाती रोकड असते ती तेवढीच. त्याच दिवसांत मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांच्या हातचा पैसा कर्जाचा असतो. तो मागू नये. त्यांनी उन्हाळ्यात परतल्यावर एक दिवस हातभार लावला तर त्याची नोंद पावतीपुस्तकात मजुरीच्या दराने रुपयांत करावी, आणि यादीत त्यांचे नाव सावकाराच्या बरोबरीने लागावे. मोठे सपाटीकरण सरकारी रोजगाराच्या कामांत बसते काय, हे पंचायत समितीत विचारावे. केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत २०१४ साली क्रीडांगणाचा उल्लेख आला होता. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणीपूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी.

थोड्याथोड्याने मोठे काम उभे राहते, याचे उदाहरण महाराष्ट्रास नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरेचे पात्र रुंद व खोल करण्यासाठी लातूरकरांनी वर्गणी काढली, आणि यंत्रे नदीत उतरलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. इंग्लंडात पंचम जॉर्जच्या मृत्यूनंतर, १९३६ साली, स्मारक म्हणून पुतळ्यांऐवजी क्रीडांगणांचा फंड निघाला. त्यातून ४७१ मैदाने झाली. मध्यवर्ती फंड साहाय्य देई, परंतु जागा कायम खेळासाठीच राखली जाईल अशी कायदेशीर तजवीज आधी करून घेई.

पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या मराठवाड्यातील मंडळींस गावाकडून असे पत्र आले, तर त्यांनी नाही म्हणू नये. मात्र उतारा, मुरमाचा अंदाज व गावातील वर्गणीदारांची यादी एवढे मागवून घ्यावे. गावाचा वाटा जमल्यावर आपला पाठवावा, आणि त्यातील काही भाग बँकेत मुदतठेवीत राहील असे ठरवून घ्यावे. तिच्या व्याजातून दर पावसाळ्यानंतर दोन-चार ब्रास मुरूम येतो, बाभूळ काढणाऱ्यास मजुरी मिळते. हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचला जावा, म्हणजे उसाच्या फडावरून तेव्हा न परतलेल्यांसाठी तो १ मे रोजी पुन्हा वाचता येतो.