अंगठा उठवण्यापूर्वी

इस्पितळात नव्या औषधाची चाचणी होणार असे कळले की कोणी घाबरतात, कोणी आशेने धावतात. नवे बियाणे आपण एकदम साऱ्या शेतात पेरीत नाही. आधी एका वाफ्यात, जुन्याच्या शेजारी पेरून पाहतो. चाचणी तशीच असते. कोणाला नवे औषध, कोणाला चालू, हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. गुणाची हमी नसते. २०१९ च्या नियमांप्रमाणे संमती लेखी हवी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. आम्ही एवढेच सांगतो: शंका फिटेपर्यंत विचारा, मगच अंगठा उठवा.