एकसष्टावे मूल

उमरेडच्या पुढचे भिवापूर आपणा नागपूरकरांना ठाऊक, ते तिथल्या मिरचीमुळे. माझी धाकटी बहीण त्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०१२ च्या मे महिन्यात मी इतवारीहून नागभीडच्या छोट्या गाडीत बसलो (ती गाडी २०१९ साली बंद झाली), ते चार दिवस बहिणीच्या हातचे खावे म्हणून. पण बाईसाहेब घरात सापडतील तर ना! ऐन उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघाल्या पोरे शोधायला.

"अगं, सुटीत कसली पोरे?"

"दादा, पटावर ५८ आहेत. ६१ झाली नाहीत तर आमचे तिसरे गुरुजी जाणार!"

मग हिशेब कळला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत शिक्षक दोन. ६१ वे मूल आले की तिसरा. मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर. बरे, खोटी नावे चढवायचीही सोय उरली नव्हती. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सरकारने राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लागली होती आणि कित्येक शाळांतली कागदावरची मुले नाहीशी झाली होती!

आम्ही मिरचीच्या सातऱ्यावर गेलो. बाया रांगेने देठ खुडत बसलेल्या. ठसक्याने माझा जीव घाबरा झाला. बहीण मात्र खुशाल त्यांच्यात जाऊन बसली. पुस्तके फुकट, दुपारची खिचडी फुकट, असे तिचे सुरू झाले. एका बाईने हात न थांबवता विचारले, "मॅडम, तुमची पोरगी कोनत्या शाळेत जाते जी?"

बहीण गप्प. भाचीला न्यायला रोज कॉन्व्हेंटची पिवळी बस दारात येई. (आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच!) माझी मुले कुठे शिकली हे मला कुणी विचारले नाही, म्हणून मी सुटलो.

त्या रात्री बहीण आणि मेहुणे यांचे बोलणे उशिरापर्यंत चालले होते. आवाज चढले, मग उतरले. मी कूस बदलून झोपल्याचे सोंग केले.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात. तेव्हा तिचा फोन आला.

"दादा, ६१ झाली!"

"कुठली मिळाली गं?"

"दोन सातऱ्यावरची," ती म्हणाली, "आणि एक घरातली."